जेवणाआधीची हाक

१

हिंदळेकरांच्या घरात जेवणाआधी हाक मारायची पद्धत होती.

पानं वाढून झाली की घरातला कर्ता पुरुष उठायचा, खोलीच्या उंबऱ्यात उभा राहायचा आणि गॅलरीच्या टोकाकडे तोंड करून विचारायचा, "कोण राहिलंय का?" मग पाचेक श्वास थांबायचा. कोणी राहिलेलं नसायचं. तो आत येऊन पानावर बसायचा, आणि मगच बाकीचे पहिला घास घ्यायचे. गिरगावातल्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या सतरा नंबरच्या खोलीत, हे सव्वाशे वर्षं चाललेलं होतं. शेजाऱ्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट सुट्टीच्या दिवशी त्यावर घड्याळ लावायचे. "हिंदळेकरांची हाक झाली, आता तरी अंघोळीला जा," असं पोरांना सांगायचे.

अनुजाला लहानपणापासून या हाकेचा अभिमान होता. तिच्या खापरपणजोबांनी, रघुशेटनी, ती घालून दिली असं बाबा सांगत. रघुशेट देवगडकडचे. पावसात शेतकरी, उघाडीत व्यापारी. स्वतः पिकवलेला भात, नारळ, आमसुलं शिडाच्या मचव्यात भरून मुंबईला आणायचे, आणि माल संपेपर्यंत राहायला म्हणून त्यांनी ही खोली घेतली. "आपण जेवतोय आणि दारात कोणी उपाशी, असं होऊ नये म्हणून," बाबा म्हणायचे. अनुजाने शाळेत यावर निबंध लिहिला होता. आता चोविसाव्या वर्षी, एम.ए. होऊन, घरहक्कांसाठी झगडणाऱ्या एका संस्थेत काम करताना, ती रघुशेटांवर छोटं पुस्तकच लिहीत होती. दिवाळीनंतर चाळ पाडायची होती. सगळ्यांना भाड्याच्या जागा शोधून जायचं होतं. हिंदळेकरांना दादरला दोन खोल्या मिळाल्या होत्या. चाळ जाणार, तर निदान तिच्यातला एक भला माणूस कागदावर राहावा, असं अनुजाला वाटे.

ऑगस्टमध्ये बाबांना, हितेंद्रना, स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आणि त्यांनी जेवण सोडलं. गिळता येत होतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं. सकाळचा चहा ते घ्यायचे, औषधं घ्यायचे. पण दुपारी ताट समोर आलं की त्यांची नजर दाराकडे जायची. तोंड हलायचं. "क... क..." एवढंच यायचं, आणि मग ते चमच्याकडून तोंड फिरवायचे. दोन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. आता नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"त्यांना हाक मारायचीय," अनुजा एका दुपारी म्हणाली. "मी मारते."

आईच्या, मेघनाच्या, हातातला डाव आमटीतच थांबला. "आपल्यात बायका नाही मारत."

"का?"

"नाही मारत."

"आई, हे 'का'चं उत्तर नाही."

"माझ्या सासूबाईंनी सांगितलं, मी ऐकलं. तुझ्यासारखं दर वेळेला भांडत बसले असते तर संसार झाला नसता."

"म्हणजे बाबा उपाशी मेले तरी चालतील, पण बाईचा आवाज गॅलरीत जायला नको. ग्रेट."

अनुजा उंबऱ्यात गेली. बावीस बिऱ्हाडांच्या मजल्यावर आता चारच दारं उघडी होती. शेजारच्या प्लॉटवर पाडकामाचं मशीन धडधडत होतं. तिने बाबांसारखंच गॅलरीच्या टोकाकडे तोंड केलं आणि मोठ्याने विचारलं, "कोण राहिलंय का?"

मागे स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. बाबांनी डाव्या हाताने ते ढकललं होतं. त्यांना बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. ते तिच्याकडे बघत होते, आणि असे डोळे तिने त्यांचे कधी बघितले नव्हते. म्हणजे बाबासुद्धा, तिच्या मनात आलं. जीभ गेली तरी हे गेलं नाही.

ती चिडून पुन्हा बाहेर वळली. एक श्वास, दोन, तीन.

चौथ्याला गॅलरीच्या टोकाकडून, सार्वजनिक संडासांच्या बाजूने, कोणीतरी म्हणालं, "मी."

हळूच. आपलाच नंबर पुकारलाय की नाही, याची खात्री नसलेलं पोर वर्गात हजेरी देतं तसं.

अनुजा वाकून बघत राहिली. टोकाला कोणीतरी टाकून गेलेली वाळकी तुळस होती. बाकी काही नाही.

"काय झालं?" आतून आईने विचारलं.

"काही नाही. कोणाचातरी मोबाइल."

मशीन धडधडत होतं. मघाशी मध्ये ते थांबलं होतं का, हे तिला आठवेना.

२

दुसऱ्या दिवशी ती लालबागला लक्ष्मी आत्याकडे गेली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची. जन्मली सतरा नंबरात, लग्न होऊन आली ती लालबागला गिरणी कामगाराच्या घरात, आणि सासूच्या जिभेवरची मालवणी तिने अशी उचलली की माहेरचेही म्हणायचे, लक्ष्मी परत कोकणात गेली. तिच्या खोलीखाली मसाला कुटायचे डंक होते. दिवसभर धप धप आवाज आणि मिरचीचा खाट.

"इलंस? फोन करूक नको? आता कालचे घावणे खा," आत्या म्हणाली. "बापूस कसो आसा?"

"जेवत नाहीत. म्हणून काल मीच हाक मारली."

आत्या गुडघ्याला तेल चोळत होती. हात थांबला नाही, पण सावकाश झाला. "एवढा शिकलंस, गो, त्याचा लोणचा घातलंस काय? ती हाक बापयान मारूची."

"तेच विचारायला आलेय. उपाशी माणसाला बाईने बोलावलं तर तो येणार नाही का?"

"येतला म्हणान तर बायकांनी मारूची नाय."

खाली डंक पडत होते. अनुजाला हसू आलं, कारण दुसरं काय करावं ते तिला कळेना. "मग मारायचीच कशाला?"

"नाय मारली तर घास उतरणा नाय. घरच्या कर्त्याचो. आणि बापयाच्या आवाजाक ता येणा नाय." आत्याने तेलाची वाटी बाजूला ठेवली. "हाक मारल्याचा समाधान, नि कोण येवचा पण नाय. तुझ्या रघुशेटान बरी सोय करून ठेवल्यान."

"'ता' म्हणजे कोण?"

"चाय घे. निवता."

"आत्या."

"मी सात वर्सांची होतंय. बाबा बाजारातसून येवक नाय होते, माका भूक लागलेली. मी दारात जावन तोंड उघडलंय फक्त. मागसून बाबा इले, नि तोंडार मारल्यानी. माझ्यार कधी हात उगारूक नाय त्या माणसान. त्या दिवशी मारल्यानी, नि रडले." तिने पदराने हात पुसले. "तुका आवाज खंयसून इलो? संडासाच्या अंगान, मा?"

अनुजाने कप खाली ठेवला. आवाजाबद्दल ती आत्याला काही बोललीच नव्हती.

"मोबाइल होता कोणाचातरी."

"होय तर," आत्या म्हणाली.

निघताना तिने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि त्यातला एक घडी घातलेला कागद काढून दिला. पिवळा, एका बाजूने वाळवीने खाल्लेला, मोडीत लिहिलेला. "रघुशेटचो कागद. बाबांनी मरताना माझ्याकडे दिलो. हितूकडे नको म्हणाले, तो हळवो. आमका वाचूक येणा नाय नि आम्ही कोणाक वाचूक दिलो पण नाय. तू पुस्तक लिवतंस ना? लिव."

३

अनुजाने मोडी कागदाचा फोटो काढून अर्णवला पाठवला. तो तिच्या कॉलेजातला मित्र; दादरला मोडीच्या वर्गाला जायचा. "हस्ताक्षर भयाण आहे, चार दिवस दे," असं त्याने कळवलं.

चार दिवस थांबायची तिची प्रकृती नव्हती. गोष्ट खरी की खोटी हे तपासून बघता येतं, आणि तपासता येत असेल तर घाबरण्यात वेळ घालवू नये, एवढं तिला शिक्षणाने दिलं होतं. तिसऱ्या दुपारी आई खाली गेली असताना तिने मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून उंबऱ्यात ठेवला आणि हाक मारली.

या वेळी ओ लवकर आली. जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे चारच दारं पलीकडून.

"मी आसंय."

गॅलरी रिकामी होती. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. या चाळीत आता मालवणी बोलणारं कोणी नव्हतं. शेजारच्या मयूरचे आजोबा बोलायचे, ते बिऱ्हाड गेल्या आठवड्यात कांदिवलीला गेलं.

तिने रेकॉर्डिंग ऐकलं. पाडकामाचं मशीन, कावळे, तिची हाक. मग पुढचे आठ सेकंद काहीच नाही. ओ नाही, कावळे नाहीत, मशीनही नाही. मोबाइल बंद पडल्यासारखं नव्हे. बंद खोलीत हवा साचून राहते तसं काहीतरी ऐकू येत होतं. नवव्या सेकंदाला मशीन पुन्हा सुरू.

ती मागे वळली आणि दचकली. बाबा हसत होते. डाव्या बाजूने, जेवढं हसता येत होतं तेवढं. ते तिच्याकडे बघत नव्हते. दाराच्या आत, कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हाताने आपल्या ताटातली भाताची वाटी पुढे सरकवली. बोटांनी ढकलत ढकलत, हात पुरेल तिथपर्यंत.

"तिथे ठेवू?" अनुजाने विचारलं. तिचा आवाज तिला परका वाटला.

त्यांनी मान हलवली. तिने वाटी कपाटाशेजारी नेऊन ठेवली. आणि बाबा जेवले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा, भात, आमटी, केळं, सगळं. आई वर आली तेव्हा रिकामं ताट बघून दारातच बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. तिने कसं, का, काही विचारलं नाही. अनुजानेही सांगितलं नाही.

भांडी घासायला घेताना तिने ती वाटी उचलली. ताजा, ऊन भात होता, तासापूर्वी वाढलेला. आता तो वाटीला चिकटून खडखडीत झाला होता, एकेक शीत वाळून पिवळं पडलेलं, जणू महिनाभर तिथेच पडून असावं. कोणी त्याला हात लावलेला नव्हता.

तेव्हापासून रोज तसंच. हाक मारायची आता गरज नव्हती. वाटी ठेवली की बाबा जेवायचे. आईने एक दिवस वाटीतला वाळका भात बघितला. तिने तो खिडकीतून कावळ्यांना टाकला. कावळे आले नाहीत.

शुक्रवारी सामान बांधताना त्यांनी कपाट हलवलं. अनुजाच्या आठवणीत ते कधी हललं नव्हतं. दर दिवाळीला भिंतींना रंग लागायचा, पण बाबा कपाटामागची भिंत एकटेच, सगळ्यांना बाहेर काढून रंगवायचे. तिथे, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक डाग होता. रोज कोणी एकाच जागी डोकं टेकून बसलं की भिंतीला तेलकट काळपटपणा येतो ना, तसा. तिने नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला. त्याखालच्या रंगावरही डाग होता. त्याखालच्याही. अगदी आतल्या चुन्यापर्यंत.

"ओल असेल," आई म्हणाली.

"हो," अनुजा म्हणाली. भिंत कोरडी होती.

४

अर्णव त्याच संध्याकाळी दादरला, स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे भेटला. त्याच्यासमोर अर्धा खाल्लेला मसाला डोसा होता आणि वहीत लिप्यंतर.

"तुझा रघुशेट काय अक्षर काढायचा! मचव्यात बसून लिहिलंय बहुतेक," तो म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू वाचतेस की मी वाचू?"

"वाच."

"वरचा भाग गेलाय. मेव्हण्याला लिहिलंय, म्हणजे बायकोच्या भावाला; ही घरी ठेवलेली नक्कल असेल. बायको रमाबाई. शके अठराशे एकोणीस, चैत्र. अठराशे सत्त्याण्णव झालं. प्लेगचं वर्ष." त्याने पाण्याचा घोट घेतला आणि वाचायला सुरुवात केली.

"'बंदरावर दागतर लोक माणसाचा हात धरोन व काखेत पाहोन सोडितात. एकास ताप निघाला तर बरोबरच्या सर्वांस अटकाव. आम्ही पाच जण. सबब धाकटीस खोलीत ठेविले. ताप भरला होता तरी शुद्धीवर होती. भात व पाणी जवळ ठेविले. ताप उतरताच न्यावयास येतो, हाक मारीन तेव्हा ओ दे, असे सांगितले.' मग दोन ओळी वाळवीने खाल्ल्यात. पुढे, 'महिन्याने आलो तो खोलीस चुना मारिलेला, दार मोकळे. चाळीत माणूस नाही. कोणी काही सांगत नाही. दारात उभा राहोन हाक मारिली. ओ आली नाही.'"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी जोरात हसलं.

"संपलं?"

"एक ओळ आहे. 'रमाबाईस, मूल आपणांकडे सुखरूप आहे असे सांगितले आहे, तरी आपणही तसेच सांगावे.'"

अनुजाने वही ओढून घेतली आणि पुन्हा वाचली. "नाव कुठाय? मुलीचं नाव?"

"नाहीये. 'धाकटी' एवढंच."

"भात किती खंडी आणला ते लिहून ठेवलं असेल. पोरीचं नाव नाही." तिने वही मिटली. "आणि आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिने हाक मारली असती, अर्णव. ती आली असती तर तिने मारली असती ना. म्हणून बायकांना बंदी. याला लोक दानधर्म म्हणत होते. मी निबंध लिहिला होता!"

"अनु, पाच माणसं होती. एकीसाठी थांबला असता तर सगळे गेले असते. तूही नसतीस."

"मग नसते मी."

"हे म्हणायला सोपं आहे, डोसा खाताना."

"तू खातोयस डोसा."

तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, "उद्या शिफ्ट होताय ना? मी येऊ का मदतीला?"

"नको," अनुजा म्हणाली. तिला कळलं, आपल्याला तिथे आणखी कोणी नकोय. कोणी मोठ्याने बोललं, तर घाबरेल. कोण, ते तिने स्वतःशीसुद्धा पूर्ण म्हटलं नाही.

५

शनिवारी साडेअकरापर्यंत टेम्पो भरून निघाला. बिल्डरची माणसं जिन्यात कुलपं घेऊन उभी होती. बाराला मजला बंद करायचा होता, आणि सोमवारपासून छप्पर उतरवणार होते. खाली टॅक्सी थांबली होती.

बाबांना खुर्चीत बसवून दोन हमालांनी उचललं. दारापर्यंत ते गप्प होते. खुर्ची उंबऱ्यावर आली आणि त्यांनी डाव्या हाताने चौकट धरली.

"बाबा, सोडा," अनुजा म्हणाली. मग आई, "अहो, सोडा ना."

ते सोडेनात. बोटांची पेरं पांढरी झाली. हमालाने हलकेच ती सुटवायला बघितली, तेव्हा त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की तो माणूस मागेच सरला. त्यांची मान वळून वळून खोलीत, त्या उघड्या भिंतीकडे जात होती. आठवड्यात आलेला सगळा रंग तोंडावरून उतरला होता. अनुजाला एकदम दिसलं, की हा माणूस आयुष्यभर रोज दारात उभा राहून विचारत आला आणि रोज मनातून प्रार्थना करत आला, की ओ येऊ नये. त्याच्या बापाने तेच केलं. त्याच्याही बापाने. आणि आज त्याला उचलून नेत होते. खोलीतून एक जण कमी करून.

असाच ओढून नेला तर हा दादरला पोहोचेल, पण जगणार नाही. हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

ती खुर्चीपाशी वाकली. "बाबा, मी आणते तिला."

त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्ही पुढे व्हा. मी घेऊन येते. सोडून येणार नाही."

 मग एकेक बोट सुटलं.

खुर्ची जिना उतरत गेली, मागोमाग आई. पावलं खाली खाली जात विरली. अनुजा आत आली. रिकामी खोली एवढीशी असते, हे तिला माहीत नव्हतं. खिळ्यांची भोकं, कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन. पाडकामाचं मशीन आज बंद होतं. की चालू होतं आणि तिला ऐकू येत नव्हतं?

ती डागासमोर जमिनीवर बसली. हाक मारावी लागली नाही.

"चल," ती म्हणाली. "जाऊ या आपण."

काही नाही. मग भिंतीशी, तिच्या हाताच्या अंतरावर, कोणीतरी खूप वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

"बंदरार बघतीत," कोणीतरी म्हणालं.

इतक्या जवळून तो आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. कोरडा होता. जीभ टाळ्याला चिकटून सुटावी तसा.  तिचे पाय दाराकडे पळू बघत होते, आणि ती त्यांना धरून बसली होती.

"कोणी नाही बघणार."

"बघतीत." थोडं थांबून, घाईघाईने, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं, "माझो ताप उतारलो. खराच उतारलो. हात लावून बघ."

भिंतीच्या डागापुढची हवा किंचित हलली. उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगत होती. फक्त त्या एवढ्याशा जागेत ती तरंगत नव्हती. तिथे धुळीला जागा नव्हती. एक गोलाई, तिच्याखाली अरुंद खांदे, आणि पुढे केलेलं, वर उचललेलं कपाळ. तेवढंच. ती नीट बघायला गेली तेव्हा फक्त भिंत होती.

अनुजाने हात पुढे केला.

हाताला चटका बसला. चुलीवरून उतरवलेल्या तव्याजवळ हात जावा तसा. तिने तो मागे घेतला नाही. हाताखाली काहीतरी थरथरत होतं, ताठ उभं राहायचा प्रयत्न करत होतं.

"अनुजा!" खालून आई ओरडली. "टॅक्सीवाला थांबत नाहीये! ये गं लवकर!"

आपल्याला काय वाटतं ते तोंडावर बोलायचं, कोणालाही फसवायचं नाही, लहान मुलाला तर नाहीच, असं ती नेहमी म्हणायची. काल रात्रभर ती एका खोटं बोलणाऱ्या माणसावर धुमसत होती. खाली टॅक्सीत आई होती, बाबा होते. दादरच्या इमारतीत खाली पाळणाघर होतं. तिला हे सगळं दिसलं, एका क्षणात, लख्ख.

हाताखालचं कपाळ वाट बघत होतं.

"उतारलो गो," अनुजा म्हणाली. आयुष्यात कधी न बोललेली भाषा तिच्या तोंडून सहज आली. "चल."

जिना उतरायला तिला वेळ लागला. पायऱ्या जुन्या, उंच होत्या. प्रत्येकीवर तिला थांबावं लागत होतं. बिल्डरचा माणूस कुलूप हातात घेऊन भिंतीला चिकटून उभा राहिला, तिला एकटीला जायला हवी त्यापेक्षा जास्त वाट देत, आणि का ते त्यालाही कळलं नसावं.

आई टॅक्सीत पुढे बसली होती. "किती तो उशीर! हे बघ, आता कसे शांत बसलेत."

बाबा मागच्या सीटवर पार दुसऱ्या खिडकीशी सरकून बसले होते. मधली जागा मोकळी होती. अनुजाने दार उघडून धरलं, थोडं थांबली, मग अंग चोरून कडेला बसली.

बाबांनी डावा हात उचलला. मधल्या रिकाम्या जागेवर, सीटपासून हातभर वर, उलट्या पंजाने तो हवेत टेकवला. आजारी पोराचं कपाळ बघतात तसा. तिथे तो राहिला. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि त्यांनी अनुजाकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही.

"काय हो? काय होतंय?" आईने मागे वळून विचारलं.

बाबांनी मान हलवली. काही नाही. मग हात खाली आणून, जवळ काहीतरी ओढून घ्यावं तसा कुशीशी घेतला, आणि डाव्या गुडघ्याने ड्रायव्हरच्या सीटला दोनदा ढोसलं.

निघा.